चिमणीचा डाव

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. कुणाच्या मावसभावाच्या शेजाऱ्याची नाही.

तिने ती मला एकदाच सांगितली. सांगताना दोनदा उठून पाणी प्यायली. त्यानंतर मी कधी विषय काढला की म्हणते, "झालं ते झालं, सोड आता."

पण मला सोडवत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. ओसाड बंगला नाही. जे घडलं ते भर दुपारी तीन वाजता घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका साध्या फ्लॅटमध्ये, खिडक्या सताड उघड्या असताना, खाली शाळेच्या बसेस हॉर्न वाजवत असताना. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतले तीन आठवडे. शेवटचा दिवस गुरुवार होता.

माझी ताई फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायू झालेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. पंचवीस वर्षं तेच काम. दटावून, ओरडून, प्रसंगी हात धरून तिने कितीतरी अंथरुणाला खिळलेली माणसं उभी केली. पेशंट पाठीमागे तिला 'हवालदार' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

तिचा एक नियम होता. पेशंट रडला तरी व्यायाम थांबवायचा नाही.

"रडणं हासुद्धा व्यायामच आहे," ती म्हणायची. "फुफ्फुसांचा."

तर या फ्लॅटमध्ये एक म्हातारं जोडपं राहायचं. आपण त्यांना काका आणि काकू म्हणू, ताईही तेच म्हणायची. काका बंदरावर क्रेन चालवायचे. घराएवढे लोखंडी खोके एका दांडीवर उचलायचे आणि अंड्यासारखे अलगद ठेवायचे, अशी त्यांची ख्याती होती. तो उजवा हात आता लुळा पडला होता. वाचाही गेली होती.

फक्त एक शब्द उरला होता.

"थांब."

पाणी हवं असलं तरी थांब. भूक लागली तरी थांब. दुखलं तरी थांब.

मेंदूला मार बसला की कधीकधी असं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो. ताईच्या एका वकील पेशंटची नुसती शिवी उरली होती. पाहुणे आले की त्याची बायको आतलं दार लावून घ्यायची.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज तसाच राहिला होता. मऊ, स्वच्छ, आणि अजिबात घाई नसलेला. नवऱ्याची सेवा अगदी नीटनेटकी. औषधं वेळेवर, कपडे इस्त्रीचे, नखं कापलेली. ताई मला फोनवर म्हणाली होती, "अशी बायको मिळायला नशीब लागतं."

पहिला आठवडा वाया गेला. काका चेंडू दाबायचे नाहीत, दोरी ओढायचे नाहीत. मान फिरवून खिडकीकडे बघत बसायचे.

ताई काकूंना म्हणाली, "यांना गोडी वाटेल असं काही आहे का घरात? एखादी दांडी, लिव्हर, असलं काही? जन्मभर दांडीच हाताळलीय त्यांनी."

काकूंनी कपाटाकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "आहे एक."

दुसऱ्या दिवशी ताई पोचली तेव्हा ते टेबलावर मांडून ठेवलेलं होतं. टेबलावर ठेवायचा जुना व्हिडिओ गेम. प्लॅस्टिकचं, वीतभर उंच, दुकानातल्या मोठ्या मशिनसारखंच दिसणारं पण खेळण्याएवढं. वरच्या बाजूला काळसर काच. तिच्या आत हिरवी-लाल यानं वरून खाली उतरायची आणि आपण खालून आपलं एक यान डावी-उजवीकडे सरकवत त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. एक छोटी दांडी. एक लाल बटण. मागे चार मोठे सेल.

आमच्या लहानपणी शेजाऱ्यांकडे असाच एक होता. त्याच्यासाठी आम्ही रांग लावायचो.

त्यावर धुळीचा कण नव्हता. सेल कोरे करकरीत. काकूंनी ते सकाळीच आणले होते.

काकांनी ते पाहिलं...

आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"थांब," ते म्हणाले. "थांब... थांब... थांब..."

डाव्या, चांगल्या हाताने त्यांनी चाकाच्या खुर्चीचं चाक मागे ढकललं.

"ओळखलं त्यांनी," ताई खूश होऊन म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदाच पेशंटने काहीतरी हालचाल केली होती.

"ओळखणारच," काकू म्हणाल्या. "रोज खेळायचे."

ताईने खुर्ची पुढे घेतली, ब्रेक लावला. काकांचा लुळा उजवा हात दांडीवर ठेवला आणि वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधला. आणि डावा हात... तो तिने जाड कापडी पिशवीत घालून खुर्चीच्या हाताला बांधून टाकला.

ऐकायला क्रूर वाटेल, पण ही खरी उपचारपद्धत आहे. चांगला हात मोकळा राहिला तर पेशंट सगळं त्यानेच करतो आणि लुळा हात लुळाच राहतो. म्हणून चांगला हात थोडा वेळ बांधायचा.

काका रडायला लागले. ताईने काकूंना डोळ्यांनी खूण केली, काळजी करू नका.

काकूंना काळजी वाटत नव्हतीच. त्यांनी वाकून मशिनचं एक छोटं बटण सरकवलं.

"दोघांचा डाव लावते," त्या म्हणाल्या. "यांचं यान फुटलं की दुसऱ्याची पाळी येते. तेवढाच हाताला आराम."

"आणि दुसरं कोण खेळणार?"

"कुणी नाही. तो डाव तसाच जाऊ द्यायचा."

मग त्यांनी आतून एक लाकडी स्टूल आणलं. ठेंगणं, लहान मुलाचं. ते काकांच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवलं. ताई सवयीने त्यावर टेकायला गेली.

"तिथे नका बसू, मॅडम," काकू म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही. कारण सांगितलं नाही.

खेळ सुरू झाला. काकांचं यान आठ सेकंदांत फुटलं. हात हलतच नव्हता. मग एक लांबलचक सूर वाजला आणि काचेत दोनचा आकडा आला. दुसऱ्याची पाळी.

यान काही क्षण जागच्या जागी राहिलं.

मग ते डावीकडे सरकलं.

ताईने चमकून काकांच्या हाताकडे बघितलं... दांडी डावीकडे झुकली होती. दांडीवर बांधलेला हातही डावीकडे गेला होता. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, झटकन.

पाच महिने मेलेला हात हलत होता.

"काकू, बघा. हात बघा." ताई ओरडलीच.

"बघतेय," काकू म्हणाल्या.

पण त्या हाताकडे बघत नव्हत्या. स्टुलाकडे बघत होत्या.

त्या रात्री ताईचा मला फोन. तिला आनंद मावत नव्हता. एका दिवसात इतका फरक तिने जन्मात पाहिला नव्हता. ती रोजच्या प्रगतीची वही लिहायची. वहीत तिने स्कोअरसुद्धा लिहिला होता. एक हजार एकशे साठ.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "एक गंमत आहे. मशिन बंद करून दुसऱ्या दिवशी लावलं तरी दुसऱ्याचा स्कोअर कालच्यापासून पुढे सुरू होतो."

मी म्हणाले, "असं कसं होईल? शेजाऱ्यांकडचा बंद केला की सगळं शून्य व्हायचं. त्यात आठवण ठेवायची सोयच नव्हती. आठव, त्यावरून किती भांडायचो आपण."

ताई म्हणाली, "हा वेगळा असेल."

जवळजवळ दोन आठवडे असेच गेले. रोज तीन ते पावणेचार. काकांची स्वतःची पाळी आली की हात मेलेला. आठ-दहा सेकंदांत यान फुटायचं. दुसऱ्याची पाळी आली की हात जिवंत. आणि ती पाळी रोज लांबत चालली होती. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. पंचवीस.

काका तेवढा वेळ रडायचे. "थांब, थांब" चालू असायचं. पट्ट्याखाली मनगट सोलवटून लाल झालं. ताईने तिथे मलम लावून कापूस ठेवला, आणि पट्टा पुन्हा बांधला.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी पट्टा जरा जास्तच ओढला गं," ती म्हणाली. "सुटत होता म्हणून."

मग आला मंगळवार.

काकू चहा करायला आत गेल्या होत्या. दुसऱ्याची पाळी चालू होती. ताई नेहमीप्रमाणे काकांच्या मागे उभी होती. खाली रस्त्यावर कसलंसं काम चालू होतं, ते मध्येच बंद पडलं. एकदम शांतता झाली.

आणि ताईच्या लक्षात आलं... काहीतरी ऐकू येत नाहीये.

ते लाल बटण दाबलं की टक् असा आवाज व्हायचा. जुनं प्लॅस्टिक, कडक स्प्रिंग. काकांच्या पाळीत काकू मदतीला ते बटण दाबायच्या, तेव्हा टक् टक् ऐकू यायचं.

आत्ता काचेत धडाधड गोळ्या सुटत होत्या. यानं फुटत होती. पीं पीं आवाज येत होता.

पण टक् नव्हतं.

बटणावर कुणाचंही बोट नव्हतं.

ताई हळूच पुढे वाकली. तिने पंचवीस वर्षं हात बघितले होते. हात दांडी हलवतो तेव्हा बोटं आवळतात, मनगटाची शीर ताठ होते, खांद्यापर्यंत ताण दिसतो. काकांची बोटं कणकेसारखी सैल होती.

हात दांडी हलवत नव्हता.

दांडी हाताला हलवत होती.

ताईने वेल्क्रो ओढून सोडला. काकांचा हात गळून मांडीवर पडला.

दांडी हलतच राहिली...

डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. लहान मुलं खेळताना मारतात तसे बारीक, अधीर झटके.

आणि ठेंगण्या स्टुलाचा एक पाय लादीवर कर्रकन वाजला. कुणीतरी खेळाच्या नादात पुढे सरकून बसावं तसा.

ताई स्वयंपाकघरात कशी पोचली ते तिला आठवत नाही. काकू चहा गाळत होत्या. ताईचा चेहरा बघून त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"दिसलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. हवापाण्याबद्दल विचारावं तसं.

"कोण आहे ते?"

"चिमणी," काकू म्हणाल्या. "आमची मुलगी. नऊ वर्षांची होती."

मग त्यांनी सांगितलं. गॅसजवळ उभं राहून, चहा निवत असताना, त्या सावकाश आवाजात.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. काकांनी जहाजावरच्या कुणाकडून तो गेम मिळवला होता. बापलेक रोज खेळायचे. चिमणी त्या स्टुलावर, बाप शेजारी. बापाने लेकीला कधी एकदाही जिंकू दिलं नाही. म्हणायचा, जगात कुणी तुला जिंकू देणार नाही, मी कशाला देऊ?

त्या दिवशी चिमणी पोटात दुखतंय म्हणून शाळेतून लवकर आली. काकूंची दुपारची पाळी होती, त्या कामावर गेलेल्या. बापाला सुट्टी होती. त्याला वाटलं, पोरगी शाळा चुकवतेय. म्हणाला, चल, एक डाव खेळ, दुखायचं थांबेल.

तीन वाजता बसले. चिमणीची दोन यानं लगेच गेली. एक शिल्लक होतं. मग बापाची पाळी आली, आणि त्या दिवशी त्याचा हात असा काही लागला की बस्स.

ती म्हणाली, बाबा, खूप दुखतंय.

तो म्हणाला, थांब.

ती ओकली. तो म्हणाला, थांब, रेकॉर्ड होतोय.

तासाभराने त्याचं शेवटचं यान फुटलं. सहा हजार आठशे चाळीस. तेव्हा चिमणी गप्प झाली होती. दुखायचं थांबलं होतं. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं, मॅडम, तुम्हाला माहीत असेल. त्याला वाटलं, बरं वाटलं पोरीला. तो तिला तिथेच टेबलाशी सोडून झोपायला गेला.

"मी रात्री दहाला आले," काकू म्हणाल्या. "यांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय बोलले माहितेय? म्हणाले, आज मी रेकॉर्ड केला."

चिमणी त्या स्टुलावरच होती. डोकं टेबलावर. अंग भट्टीसारखं तापलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलमध्ये तिने जीव सोडला.

"घरी परत आले तर मशिन तसंच चालू होतं," काकू म्हणाल्या. "दोनचा आकडा लुकलुकत होता. तिची पाळी आली होती, आणि खेळायला कुणी नव्हतं. सेल संपेपर्यंत मी बघत बसले. एक हजार एकशे वीस होते तिचे."

ताई म्हणाली, "काकू, तुम्ही मुद्दाम बाहेर काढलंत ते."

"तुम्हीच मागितलंत," काकू म्हणाल्या. "मी तर छत्तीस वर्षं कपाटात ठेवलं होतं. मनात आलं असतं तर आधीही काढता आलं असतं. पण तेव्हा ते उठून जाऊ शकत होते."

आणि त्यांनी ताईच्या हातात चहाचा कप दिला.

ताईने तो ओट्यावर ठेवला. ती बाहेर आली, काकांचा डावा हात सोडवला, मशिनचे सेल काढून आपल्या पर्समध्ये टाकले. काकूंना स्पष्ट सांगितलं, हे पुन्हा करायचं नाही. हा माणूस आजारी आहे.

"बरं," काकू म्हणाल्या.

बुधवारी ताई गेली नाही. दिवसभर विचार करत राहिली. कुणाला सांगायचं? काय सांगायचं? पण एक नक्की केलं, त्या माणसाला असं टाकायचं नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोलायचं आणि त्यांना काही दिवस हॉस्पिटलात हलवायचं. डॉक्टरांनी शुक्रवारची वेळ दिली.

गुरुवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना तिने जिना चढायला सुरुवात केली.

दुसऱ्या मजल्यावरच तिला आवाज ऐकू आला...

पीं. पीं. पीं.

दार लोटलेलंच होतं.

काका खुर्चीत होते. उजवा हात दांडीला बांधलेला. डावा पिशवीत, खुर्चीला बांधलेला. ताई बांधायची अगदी तसाच. तिनेच तर शिकवलं होतं काकूंना, रविवारी मी नसेन तेव्हा असं करा म्हणून.

काकू समोर पलंगावर हात जुळवून बसल्या होत्या.

काकांचा चेहरा राखेसारखा होता. कपाळावरून घाम टपकत होता. ते पोटातून वाकायचा प्रयत्न करत होते, पण हात बांधलेले होते म्हणून वाकता येत नव्हतं. तोंडाने चालू होतं, "थांब... थांब..." अगदी हळू. श्वासाएवढं.

"काय झालंय यांना?" ताईने विचारलं.

"पोटात दुखतंय बहुतेक," काकू म्हणाल्या. "अडीचपासून."

"मग सोडा त्यांना. अँब्युलन्स बोलवा."

"तिचा डाव चालू आहे," काकू म्हणाल्या. "संपू द्या. थोडेच राहिलेत."

ताई पुढे धावली. पट्टा सोडायला वाकली. वाकताना तिची नजर काचेवर गेली.

सहा हजार दोनशे दहा.

यानं वरून तुफान वेगाने उतरत होती. तो वेग तिने आधी कधी पाहिला नव्हता. खालचं एकटं छोटं यान त्यांच्यामधून सुळकन निसटत होतं. डावीकडे, उजवीकडे, मध्येच थांबून, नेम धरून. एकही गोळी वाया जात नव्हती.

ताईला वाटलं, हे एवढं लाल यान फुटलं की पट्टा सोडू.

ते फुटलं. लगेच दुसरी रांग आली.

सहा हजार तीनशे.

तिचा हात पट्ट्यावर होता. तिला तो वेल्क्रोचा खरखरीत स्पर्श आठवतो. कानाशी काकांचा आवाज येत होता, तोही आठवतो. पण तो लांबून आल्यासारखा. शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा.

सहा हजार पाचशे.

एकदा यान फुटता फुटता वाचलं. ताईच्या तोंडून "हुश्श" निघालं.

सहा हजार सातशे.

"सांभाळ," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिला त्या क्षणी चांगलं ठाऊक होतं.

सहा हजार आठशे वीस.

तीस.

चाळीस.

पन्नास.

आणि माझ्या ताईने टाळी वाजवली.

खरी, मनापासून वाजवलेली टाळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपलं मूल रंगमंचावर आलं की वाजवतो तशी.

टाळीच्या आवाजानेच ती भानावर आली. काच काळी झाली होती. खोलीत कसलाही आवाज नव्हता. पीं पीं नाही. "थांब" नाही.

काकांचे डोळे उघडे होते. काचेवरच रोखलेले.

ताईने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तिच्या हिशेबाने दोन मिनिटं झाली असावीत, फार तर तीन.

चार वाजायला दहा मिनिटं होती.

तिने पट्टे ओरबाडून काढले, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, अँब्युलन्स बोलावली. सगळं केलं. तिच्या हातांना ते पाठ होतं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली. मग विचारलं, "दुखणं सुरू झालं तेव्हा जवळ कोण होतं? अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता."

ताई म्हणाली, "मी नुकतीच पोचले होते."

हे ती खोटं बोलली. हे तिने मला सोडून कुणालाही सांगितलेलं नाही.

काकू कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. डोळे कोरडे, केस नीट विंचरलेले. ताई सांत्वन करायला जवळ गेली तर त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"उद्या याल ना, मॅडम? तीनलाच या."

"काकू, काका गेले."

"हो ना," काकू म्हणाल्या. "आता तिच्याबरोबर खेळायला कुणी नाही."

ताई पुन्हा त्या घरी गेली नाही. घरोघरी जाणंच तिने सोडलं. आता एका दवाखान्यात बसते. ऐकलंय की पेशंट जरा कण्हला तरी लगेच व्यायाम थांबवते. तिचे पेशंट आता बरे होत नाहीत फारसे. हवालदार तर तिला कुणीच म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. मंगळवारी तिने पर्समध्ये टाकलेले ते चार सेल. गुरुवारी संध्याकाळी तिने पर्स उलटी केली तर ते तिथेच होते. काकूंनी नवे आणले असतील, असं मी म्हणाले. ताई म्हणाली, "काच काळी झाल्यावर मी मशिन उचलून पाहिलं. मागचं झाकण उघडं होतं. आत काही नव्हतं."

हे सगळं सांगून झालं तेव्हा दुपार होती. आम्ही दोघी माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मला तिची इतकी दया आली की मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "तुझी काही चूक नाही गं. कुणीही घाबरून गोठून गेलं असतं."

"मी घाबरले नव्हते," ताई म्हणाली.

"मग?"

तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. लहान मुलाचं कौतुक करताना येतं तसं हसू.

"फार छान खेळत होती गं," ती म्हणाली.

माझा हात तिच्या पाठीवरच थबकला. तिची नजर माझ्याकडे नव्हती. समोरच्या रिकाम्या टेबलावर, एका जागी खिळली होती, आणि अगदी बारीक हलत होती. डावीकडे. उजवीकडे.

मी हाक मारली, "ताई."

तिने नजर न हलवता एक बोट वर केलं.

"एक मिनिट," ती म्हणाली.

आणि मी गप्प बसले.